माजी सैनिकाने उभारलेल्या स्मारकाने समेट साधतो का?

ज्या सैन्याने अत्याचार केले त्याच सैन्यातील माणसाने पुढे मृतांचे स्मारक उभारले, तर त्याने समेट साधतो की केवळ त्याच्याच मनावरचा भार उतरतो, असे आपण विचारले आहे. यावर मला ताकाशी नागासे यांचे उदाहरण सर्वांत बोलके वाटते.

दुसऱ्या महायुद्धात थायलंडमधील कांचनाबुरी येथे नागासे जपानी लष्करी पोलिसांचे दुभाषे होते. १९४३ मध्ये चोरून रेडिओ बाळगल्याबद्दल एरिक लोमॅक्स या ब्रिटिश युद्धकैद्याचा अमानुष छळ झाला, तेव्हा त्याला विचारले जाणारे प्रश्न इंग्रजीत नागासे यांच्याच तोंडून येत होते. युद्ध संपताच मित्रराष्ट्रांच्या कबरशोध पथकाबरोबर त्यांना दुभाषा म्हणून पाठवण्यात आले. जपानी सैन्याने युद्धकैदी आणि मजुरांना राबवून बांधलेल्या थायलंड-ब्रह्मदेश रेल्वेच्या ४१५ किलोमीटरच्या बांधकामात बारा हजारांहून अधिक युद्धकैदी मेले होते. जंगलातल्या छावण्यांलगत पुरलेली ती माणसे शोधताना नागासे यांना आपल्या सैन्याच्या कृत्याचे खरे माप कळले.

यांतील अनेकांचे अवशेष पुढे कांचनाबुरीच्या युद्ध दफनभूमीत आणले गेले. तिथे उभ्या शिळा नाहीत; बुटक्या ठोकळ्यांवर ब्रॉंझच्या पाट्या बसवल्या आहेत, त्यामुळे नाव वाचायचे तर वाकावे लागते. दोन कबरींत दहन केलेल्या ३०० जणांची राख आहे, तर प्रवेशद्वाराच्या वास्तूत अविभाजित भारताच्या सैन्यातील ११ जणांची नावे आहेत.

१९६० च्या दशकात नागासे या दफनभूमीत परतले आणि प्रार्थना करताना आपल्याला क्षमा मिळाल्याची जाणीव झाली, असे त्यांनी आपल्या आठवणींत लिहिले. ते वाचून लोमॅक्स संतापले, आणि तो संताप मला सर्वस्वी रास्त वाटतो, कारण ज्याला क्षमा करण्याचा अधिकार होता तो माणूस जिवंत होता आणि त्याला कोणी विचारलेच नव्हते. तेवढ्यापुरते पाहिले तर आपली शंका खरी ठरते.

परंतु नागासे प्रार्थनेवर थांबले नाहीत. १९७६ मध्ये त्यांनी याच रेल्वेच्या क्वाय नदीवरील पुलावर माजी युद्धकैदी आणि जपानी सैनिकांची भेट घडवून आणली, १९८६ मध्ये पुलाजवळ शांतिमंदिर उभारले, थाई विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या दिल्या आणि जपानी लष्करशाहीविरुद्ध मायदेशात उघडपणे बोलत राहिले. लोमॅक्स यांच्या पत्नी पॅटी यांनी पत्र लिहून त्या क्षमेबद्दल जाब विचारला, तेव्हाही त्यांनी सबबी सांगितल्या नाहीत. १९९३ मध्ये दोघे त्याच पुलापाशी भेटले आणि पुढे जपानमध्ये लोमॅक्स यांनी त्यांना लेखी क्षमा दिली. म्हणून माझ्या मते समेट साधला तो या जाबाला दिलेल्या उत्तराने. स्मारकाने आणि दफनभूमीने ते उत्तर देण्याची तयारी इतकी वर्षे जागी ठेवली.

याच रेल्वेवर मलायातून नेलेले असंख्य तमिळ मजूरही मेले. त्यांच्या नावाच्या पाट्या या दफनभूमीत नाहीत, आणि त्यांच्या वतीने जाब विचारणारे पत्र नागासे यांच्यासारख्या कोणाला गेल्याचे माझ्या वाचनात नाही.