चपला घालेपर्यंतचं चित्र

"व्यायामानं बरं वाटतं हे कळतं हो, पण अंथरुणातून उठायचं त्राणच नसेल तर व्यायाम करायचा कसा?" नैराश्य असलेल्यांकडून हा प्रश्न मला सतत ऐकू येतो. नागपूरच्या महाल भागात राहणाऱ्या एका काकांची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

एप्रिल होता. मनोविकारतज्ज्ञांच्या गोळ्यांनी झोप सुधारली होती, पण काका दिवसभर कूलरसमोर पडून असायचे. काकू म्हणाल्या, "मॅडम, तुम्हीच सांगा ना यांना. अंबाझरी तलावावर एक चक्कर तर मारा म्हणा."

काका खाली बघत म्हणाले, "सारं समजते जी. मन नाही होऊन राहिलं."

याला आळस म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. नैराश्यात पुढच्या चांगल्या गोष्टींची चित्रं मनात फिकी पडतात, वाईटाची मात्र ठळक राहतात. फिरून आल्यावर कसं वाटेल हे डोळ्यांपुढं येतच नाही, मग पाय कशाच्या जोरावर हलायचे?

मी त्यांना डोळे मिटून तलावावरची सकाळ बघायला सांगितलं. माझं चुकलं. त्यांचा चेहरा आणखी उतरला. "तिथं सारे वळखीचे भेटतात. दुकानात काहून दिसत नाही, विचारतात."

इतके दिवस कुणाच्या उपदेशातून हे बाहेर आलं नव्हतं, त्या चित्रातून आलं.

मग अंबाझरी सोडली. घरामागची गल्ली, पहाटे साडेपाच, कोपऱ्यापर्यंत जाऊन परत. चित्रही बदललं. सुदृढ शरीर, हसरा चेहरा वगैरे काही नाही. स्वतःच्या डोळ्यांनी जे दिसेल तेवढंच: पायाला गार फरशी, वाळ्याच्या ताटीचा ओला वास, चपला, कडी सरकल्याचा आवाज, कडुनिंबाचा फुलोरा. गुडघे जड वाटतात, तेही बघायचं. परत येऊन माठातलं पाणी पिताना छातीत काय वाटतं, तिथं थोडं थांबायचं. झोपताना दोन मिनिटं आणि सकाळी उठण्याआधी पुन्हा एकदा.

मानसशास्त्रज्ञ फ्रिट्झ रेनर, एमिली होम्स आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, ठरवलेली कामं मनात बारकाईनं रंगवणाऱ्यांना ती करावीशी जास्त वाटली. पण हा प्रयोग नैराश्याच्या रुग्णांपुरता नव्हता. म्हणून मी याला इलाज म्हणत नाही, चढावर दिलेला हात म्हणते. काकांच्या गोळ्याही चालूच राहिल्या.

पहिल्या आठवड्यात ते तीनदा गेले. एकदा चपला घालून नुसते ओट्यावर बसले. तो दिवसही मी वहीत मांडला. आठवड्याला किमान १५० मिनिटं हा जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा मी काकूंना मुद्दाम सांगितला नव्हता. सुरुवातीलाच तो ऐकला की माणूस पुन्हा अंथरुणात शिरतो.

हे सगळं धीरानं करायचं. मात्र जगणं नको वाटत असेल, मरणाचे विचार येत असतील, तर चालण्याची वाट बघू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना भेटा किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा.

मृगाच्या पहिल्या पावसानंतर काका आले.

"काल अंबाझरीवर गेलतो जी. एकानं विचारलंच."

"मग?"

"तब्येत बरी नव्हती म्हटलं. तो बी मंग सोबत चालला."