गावाला वनहक्क कायदा शिकवून काही बदलतं का, की वकील दिलेला बरा?

तुम्ही विचारलंय की गावोगावी वनहक्क कायद्याचं प्रशिक्षण देणाऱ्या एका संस्थेकडून तुम्हाला कामाचं बोलावणं आलंय, पण मनात शंका आहे: लोकांना कायदा शिकवून खरंच काही होतं का, की त्याच पैशात दोन चांगले वकील नेमलेले बरे? पूर्व विदर्भात अशाच एका संस्थेसोबत मी काही वर्षं हे काम केलंय, म्हणून उत्तर लिहायला घेतलं.

बदलतं. सगळ्याच प्रशिक्षणांनी नाही, त्याबद्दल पुढे लिहिते. पण वकिलाशी तुलना इथे बसत नाही, कारण या कायद्याची सुरुवात कोर्टात होतच नाही. जंगलात पिढ्यानपिढ्या राहणाऱ्यांचे वनजमिनीवरचे आणि जंगलावरचे हक्क मान्य करणाऱ्या २००६ च्या या कायद्याचं कलम ६(१) सांगतं की वनहक्क कोणाचा, किती आणि कशा स्वरूपाचा हे ठरवण्याची प्रक्रिया सुरू करण्याचा अधिकार ग्रामसभेचा आहे. ग्रामसभा वनहक्क समिती निवडते, समिती दावे घेते, मोक्यावर जाऊन पडताळणी करते, ग्रामसभा ठराव करते. मग ती फाइल उपविभागीय समितीकडे आणि तिथून जिल्हास्तरीय समितीकडे जाते. म्हणजे पुढच्या सगळ्या निर्णयांचा पाया असलेले कागद गावातच तयार होतात. ते लिहिणाऱ्या माणसांना आपण काय लिहितोय हे कळत नसेल, तर नंतर कितीही मोठा वकील आला तरी त्याच्या हातात कच्ची फाइलच येते.

पहिल्याच बैठकीत काय सांगावं याबद्दल माझं मत पक्कं आहे. कायद्याचा इतिहास, वसाहतकाळातला अन्याय, प्रस्तावना हे सगळं नंतर. आधी कलम ४(५): दाव्याची पडताळणी आणि मान्यतेची प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत वननिवासी माणसाला त्याच्या ताब्यातल्या वनजमिनीवरून हटवता येत नाही. ज्या घराला 'अतिक्रमण' म्हणून नोटीस आलीय, पेरणीच्या तोंडावर ज्याची औतं उचलून नेलीत, त्याला त्या दिवशी हेच हवं असतं. हे कळलं की माणूस सावरून बसतो आणि पुढचं ऐकायला तयार होतो. दुसरी गोष्ट पोच. दिलेल्या प्रत्येक कागदाची सही-शिक्का आणि तारखेसह पोच घ्यायची आणि ती गावात जपून ठेवायची. ऐकायला किरकोळ वाटतं, पण हरवलेल्या दाव्यांच्या बहुतेक कहाण्या इथेच सुरू होतात.

मग येतो पुरावा, आणि माझ्या मते प्रशिक्षणातला सगळ्यात मोलाचा भाग हाच. लोक धरून चालतात की सरकारी कागद नसेल तर आपण मेलो. या कायद्याखालच्या नियमांतला नियम १३ तसं म्हणत नाही. मतदार ओळखपत्र, रेशन कार्ड, घरपट्टीची पावती, जुना नकाशा, जनगणनेची नोंद हे तर चालतंच. पण जमिनीवर दिसणाऱ्या खुणाही पुरावाच आहेत: बांध, सपाट केलेली जमीन, झोपडी, विहीर, स्मशान, देवाची जागा. आणि दावेदार सोडून गावातल्या इतर वडीलधाऱ्यांचा जबाब, तो लिहून घेतला की तोही पुरावा. यातले एकाहून अधिक पुरावे जोडायचे असतात, आणि अमुकच कागद आणा असा हट्ट वरच्या समित्यांना धरता येत नाही. २०१२ च्या सुधारित नियमांत हे स्पष्ट लिहिलंय. आमच्या भागात जुन्या मध्य प्रांताच्या काळातलं निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज हाताला लागतं. कोणत्या गावाने कुठल्या जंगलातून काय घ्यायचं, गुरं कुठे चारायची, हे त्यात लिहिलेलं असतं. सामूहिक दाव्याला, म्हणजे गावाने मिळून जंगलावर केलेल्या दाव्याला, त्याहून भक्कम आधार क्वचितच मिळतो. आजोबांकडून ऐकलेल्या वहिवाटीची नोंद त्या जीर्ण कागदात जशीच्या तशी सापडली की बैठकीचा सूरच पालटतो. आतापर्यंत गप्प बसलेला म्हातारा बोलायला लागतो, सीमा कुठून कुठे जाते ते सांगतो, आणि त्याचं सांगणं पुरावा म्हणून लिहून घेतलं जातं.

बिगर आदिवासी कुटुंबांना १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं दाखवावी लागतात. यात नेहमी घोळ होतो. ७५ वर्षं वास्तव्य आणि जंगलावरचं अवलंबून असणं दाखवायचं असतं, नेमक्या त्याच तुकड्यावर ७५ वर्षांचा ताबा दाखवायचा नसतो. हे ठाऊक नसल्यामुळे कितीतरी कुटुंबं दावाच करत नाहीत.

दावा फेटाळला गेला तर काय, हे बहुतेक संस्था शिकवतच नाहीत, आणि याचा मला फार त्रास होतो. नियम १२-अ लोकांच्या हाती बरंच काही देतो. पडताळणीची सूचना मिळाल्यावर वन आणि महसूल विभागाच्या प्रतिनिधींनी हजर राहून सही करायची आहे. आमचा माणूस तिथे नव्हता अशी हरकत वन विभागाने नंतर घेतली, तर दावा फेरपडताळणीला ग्रामसभेकडे परत येतो. तेव्हाही ते आले नाहीत, तर ग्रामसभेची पडताळणी अंतिम. ठराव अपुरा वाटला तर वरच्या समितीने तो परस्पर फेटाळायचा नाही, ग्रामसभेकडे परत पाठवायचा. फेटाळलाच तर कारणं लेखी द्यायची आणि दावेदाराला कळवायचं, कारण तिथून पुढे ६० दिवसांत त्याला वर दाद मागता येते. महाराष्ट्राच्या अनुसूचित क्षेत्रात तर २०२० पासून जिल्हास्तरीय समितीच्या निर्णयावर विभागीय समितीकडे अपील करता येतं.

हे माहीत नसण्याची किंमत किती असते ते २०१९ मध्ये सगळ्या देशाने पाहिलं. १३ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्या कुटुंबांना हटवण्याचा आदेश दिला, २८ फेब्रुवारीला त्याला स्थगिती दिली, आणि दावे फेटाळताना योग्य प्रक्रिया पाळली होती का याचा हिशेब राज्यांकडे मागितला. आपला दावा फेटाळला गेलाय हेच मुळात अनेकांना कुणी कळवलेलं नव्हतं.

आता न चालणाऱ्या प्रशिक्षणाबद्दल. तालुक्याच्या सभागृहात एक दिवसाचं शिबिर, पाहुण्यांचं स्वागत, कलमांचं वाचन, जेवण, हजेरीपटावर सह्या, फोटो. यातून गावात काहीच पोचत नाही. दुसरा प्रकार दिसायला चांगला आणि परिणामाने वाईट: संस्थेचे कार्यकर्ते स्वतःच बसून दोनशे दावे भरून देतात. आकडा छान दिसतो. पण दोन वर्षांनी त्रुटीचं पत्र येतं तेव्हा संस्थेचा प्रकल्प संपलेला असतो आणि फाइलमध्ये काय आहे हे गावात एकालाही सांगता येत नाही. नमुना अ, ब आणि क हे दाव्याचे अर्ज गावातल्याच मुलामुलींनी भरायला हवेत, चुकतमाकत का होईना. वेळ जास्त लागतो, पण तो द्यावाच लागतो.

गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाचं नाव तुम्ही ऐकलं असेलच. तिथे देवाजी तोफा आणि गावकऱ्यांनी मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीने जे केलं, त्यातला अभ्यासगट मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. गावाने निर्णय सर्वसहमतीने घ्यायचा, आणि त्याआधी त्या विषयाचा अभ्यास करायचा. बाहेरचा जाणकार आला तर तो माहिती देईल, निर्णय गाव घेईल. वनहक्क कायदा यायच्या कितीतरी आधीपासून त्यांची ही सवय होती. म्हणूनच २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांमध्ये ते होतं. हक्क मिळाल्यावरही बांबूच्या वाहतूक परवान्यासाठी त्यांना भांडावं लागलं. २७ एप्रिल २०११ ला तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. ज्या गावाला बांबू हे गौण वनोपज (गोळा करून विकण्याचा हक्क लोकांना असलेलं जंगलातलं उत्पादन) आहे हे कायद्यातल्या व्याख्येसकट माहीत होतं, तेच गाव एवढं ताणू शकलं.

बायकांबद्दल थोडं. ग्रामसभेला निम्म्या सदस्यांची गणपूर्ती लागते आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया हव्यात. लग्न झालेल्यांचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे निघतो. संस्थेची बैठक दुपारी बारा वाजता, मोहफुलाच्या हंगामात ठेवली असेल, तर त्या संस्थेला हे नियम पाठ असूनही काही उपयोग नाही. बैठक रात्री, जेवणं झाल्यावर, पाड्यातच घ्यावी. सीमेवर फिरताना बायका सोबत असतील तर कंद, डिंक, पाणवठे यांची यादी दुप्पट होते, आणि सामूहिक दाव्यात तीच यादी लागते.

हक्क मिळाल्यानंतरचं शिक्षण वेगळंच असतं: तेंदूपत्त्याचा लिलाव, ठेकेदाराशी करार, ग्रामसभेचं बँक खातं, मजुरीचा हिशेब, लेखापरीक्षण. इथे कायद्यापेक्षा हिशेबनीस जास्त उपयोगी पडतो. पैसा आल्यावर गावात भांडणंही होतात, त्यासाठी संस्थेने थांबण्याची तयारी ठेवायला हवी.

वकील नकोत असं मी म्हणत नाही. फौजदारी गुन्हे दाखल झाले, हटवण्याची कारवाई सुरू झाली किंवा उच्च न्यायालयात जायची वेळ आली, की वकील हवाच. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जमातीच्या व्यक्तींना आणि सर्व स्त्रियांना तो मोफत मिळतो. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज कसा करायचा हेही प्रशिक्षणातच सांगावं.

तुमच्या निर्णयाबद्दल म्हणाल तर होकार देण्याआधी त्या संस्थेने तीन-चार वर्षांपूर्वी काम सोडलेल्या एखाद्या गावात जाऊन या, संस्थेच्या माणसाशिवाय. वनहक्काची फाइल कुणाकडे आहे विचारा. ती गावातच निघाली, आणि कुणीतरी ती उघडून कोणता कागद कशासाठी जोडलाय हे तुम्हाला सांगू शकलं, तर खुशाल रुजू व्हा. फाइल संस्थेच्या कार्यालयात आहे असं उत्तर आलं, तर दुसरी संस्था शोधा. रुजू होणार असाल तर २०१२ चे सुधारित नियम मराठीतून आधी दोनदा वाचून काढा, विशेषतः १२-अ आणि १३. काही अडलं तर इथेच विचारा, मला जमेल तसं सांगेन.