चार-तीन-दोन-एक वितळलं का नाही?

प्रश्न: ताई, नाशिकला घरीच छोटी इलेक्ट्रिक भट्टी घेतली आहे. १२२० अंशांच्या वर मी ती नेत नाही. इतके दिवस तयार ग्लेझ, म्हणजे मातीच्या भांड्यावर काचेसारखा थर देणारं मिश्रण, आणत होते. आता स्वतःचं करावं म्हणून फेल्डस्पार (एका खनिज दगडाची पूड) ४०, सिलिका ३०, व्हायटिंग (खडूची पूड) २० आणि चायना क्ले (पांढरी माती) १० हे माप घेतलं. कप निघाले ते पांढरेफटक, खरखरीत, नुकती सफेदी केलेल्या भिंतीसारखे. कुठे चुकले? यासाठी रसायनशास्त्र शिकावं लागेल का?

उत्तर: माप बरोबर आहे, ते तुमच्या भट्टीचं नाही एवढंच. ब्रिटिश कुंभार बर्नार्ड लीच यांच्या नावाने ओळखलं जाणारं हे चार-तीन-दोन-एक माप १२८० ते १३०० अंशांचं आहे. तुमचं ग्लेझ अर्धवट शिजलं. कच्च्या भाताला तूप घालून काय उपयोग, तसं त्यात रंग घालून काही होणार नाही.

रसायनशास्त्राचं म्हणाल तर कामापुरतं एवढं पुरतं: सिलिकाची काच होते, चायना क्लेमधलं अ‍ॅल्युमिना तिला ओघळू देत नाही, आणि व्हायटिंग तिला वितळवतं. फेल्डस्पार तिन्ही कामं थोडीथोडी करतं. १२२० ला व्हायटिंग एकटं कमी पडतं, तिथे बोरॉन लागतं. ते बोरॉनच्या फ्रिटमधून, म्हणजे आधीच वितळवून दळलेल्या काचेतून, घ्या. नुसता बोरॅक्स पाण्यात विरघळतो आणि बादलीतलं गणित बिघडतं.

आता कप बाजूला ठेवा. वरच्याच मापाचं १०० ग्रॅम कोरडं मिश्रण पाच वेळा तोला. पहिल्यात फ्रिट नको, पुढच्यांत १०, २०, ३० आणि ४० ग्रॅम. पाणी घालून ८० नंबरच्या चाळणीतून दोनदा गाळा. बिस्क केलेल्या, म्हणजे ग्लेझशिवाय एकदा भाजलेल्या, काटकोनात वाकवलेल्या पट्ट्या तीन सेकंद बुडवा, आणि वरचा अर्धा भाग पुन्हा एकदा, म्हणजे पातळ थर आणि जाड थर शेजारी-शेजारी दिसतील. पट्टी उभी राहते, त्यामुळे ग्लेझ ओघळतं का तेही कळतं. खाली जुनी फरशी ठेवाच, नाहीतर भट्टीची शेल्फ जाईल. माझ्या भट्टीत २० आणि ३० च्या मधे कुठेतरी चकाकी येते. तुमच्याकडची फ्रिट वेगळी असेल, तर आकडाही सरकेल.

पट्टीमागे नंबर पेन्सिलीने लिहू नका. मी पहिल्या वर्षी लिहिले होते. पेन्सिलीतलं ग्राफाइट भट्टीत जळून जातं, हे कळलं बावीस सुंदर चकत्या निघाल्या तेव्हा, आणि त्यातली कुठली कोणती हे आजतागायत ठाऊक नाही. लोहभस्म, म्हणजे आयर्न ऑक्साइड, पाण्यात कालवून बारीक ब्रशने लिहा.

चकाकी आली की कपावर कान ठेवा. टिक्-टिक् आवाज येत राहिला, तर ग्लेझला केसासारख्या भेगा पडताहेत: गार होताना ते मातीपेक्षा जास्त आकसतंय. फेल्डस्पारमधले सोडा आणि पोटॅश याला बहुधा कारणीभूत असतात. सिलिका ५ ग्रॅमने वाढवा, मग १० ने. एका वेळी एकच गोष्ट बदला. मी दोन बदलते तेव्हा दोन्ही वाया जातात.

रंग त्यानंतर. आयर्न ऑक्साइड २ टक्के घातलं की मधाळ छटा, ८-१० टक्क्यांना गडद तपकिरी. इलेक्ट्रिक भट्टीत तांबं हिरवं येईल. पुस्तकातला तांब्याचा लाल रंग हवा असेल, तर भट्टीत ऑक्सिजन कमी पडू द्यावा लागतो, ते तुमच्या भट्टीचं काम नाही. शिवाय तांब्याच्या ग्लेझवर लिंबाची फोड रात्रभर ठेवा. सकाळी तिथला रंग फिका दिसला तर ती बरणी फुलांसाठी. रंग नाही बदलला तरी लोणच्याला देण्याआधी प्रयोगशाळेत तपासून घ्या.

आणि सिलिका तोलताना एन-९५ मास्क लावा. सांडलेली पूड झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा.