सेल्फीत चेहरा बरा, दुसऱ्याने फोटो काढला की वाकडा?

प्रश्न: ताई, माझं वय २४. सेल्फीत चेहरा ठीक दिसतो पण मैत्रिणीने काढलेल्या फोटोत एक डोळा बारीक आणि हनुवटी एका साइडला गेल्यासारखी वाटते. पार्लरवाली म्हणाली तुझ्या चेहऱ्यात असिमेट्री आहे. म्हणजे नेमकं काय? ट्रीटमेंट करावी लागेल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर: अगं, असिमेट्री म्हणजे दोन बाजू तंतोतंत सारख्या नसणं, बास. ते आजाराचं नाव नाही, आणि थोडीफार तर सगळ्यांच्याच चेहऱ्यात असते. तुझा घोळ आरशाने केलाय. आरशात आपण रोज डावं-उजवं उलटलेला चेहरा बघतो, सेल्फी घेताना स्क्रीनवरही बहुतेक तसाच दिसतो, डोळ्याला त्याचीच सवय, मग दुसऱ्याने फोटो काढला की तोच बारीक फरक एकदम पलीकडच्या बाजूला गेलेला दिसतो आणि खटकतो. मैत्रिणींना विचार, त्यांना काहीच वेगळं दिसत नसणार.

आणि आतून तर आपण अजिबातच सारखे नाही. हृदय डावीकडे कललेलं, लिव्हर उजवीकडे, उजव्या फुप्फुसाला तीन भाग तर डाव्याला दोनच. हे ठरतं कधी, तर गर्भ जेमतेम तीन आठवड्यांचा असताना. तिथल्या पेशींवरचे अगदी सूक्ष्म केस गोल फिरतात, त्याने आतलं पाणी डावीकडे ढकललं जातं आणि त्यावरून डावी बाजू कुठली ते ठरतं! ज्यांचे हे केस जन्मतः नीट हलत नाहीत त्यांच्यातल्या साधारण निम्म्या लोकांचे अवयव आरशातल्यासारखे उलट्या बाजूला असतात. एकूण लोकसंख्येत मात्र असं साधारण १०,००० मध्ये एकाचं होतं. (मासे खात असशील तर लेपा आठव, पिल्लू असताना दोन बाजूंना दोन डोळे, मोठा होता होता एक डोळा सरकत दुसऱ्याशेजारी जातो.)

त्यामुळे पार्लरमधल्या पॅकेजवर पैसे घालवू नकोस. पण चेहऱ्याची एक बाजू अचानक लुळी पडली, बोलणं अडखळलं, हातातली ताकद गेली तर तो स्ट्रोक असू शकतो, तेव्हा उद्यावर न टाकता लगेच १०८ ला फोन. तीळ वेडावाकडा वाढत असेल तर स्किनच्या डॉक्टरांना दाखव. आणि चावताना जबडा दुखतो किंवा अडकतो का ते तू लिहिलं नाहीस, तसं होत असेल तर डेंटिस्टकडे जाऊन ये.