लपवण्यासारखं काहीच नसेल, तर प्रायव्हसीची काळजी कशाला करायची?

तुमचा प्रश्न असा आहे की, मी सरळमार्गी माणूस, कुणाचं देणं नाही की घेणं नाही. मग सरकारनं किंवा एखाद्या कंपनीनं माझी माहिती घेतली तर माझं बिघडलं कुठं?

मी लातूर जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी ऑनलाइन सेवा केंद्र चालवतो. आधार, सातबारा, पासबुक, रेशनकार्ड, दिवसभर हेच हाताखालून जातं. त्या अनुभवावरून सांगतो, बिघडतं. सरळ माणसाचंही बिघडतं, कारण माहिती एका कामासाठी घेतली जाते आणि पुढं भलत्याच कामाला लागते. ते काम कोणतं, हे ती देताना आपल्याला ठाऊक नसतं. घेणाऱ्यालाही पुष्कळदा नसतं.

मराठवाड्याच्या माणसाला हे समजायला फार लांब जावं लागत नाही. 2023 च्या सप्टेंबरात निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींसाठी निजामाच्या काळातली दप्तरं झाडून बाहेर निघाली. उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. पुढं 2 सप्टेंबर 2025 ला निजामाच्या काळातलं हैदराबाद गॅझेट कुणबी दाखल्यांसाठी आधार धरण्याचा शासन निर्णय निघाला. मराठा आरक्षणाच्या वादात मी इथं पडत नाही, मला गावात राहायचंय. पण ज्या कारकुनानं त्या नोंदी खरडल्या, त्याच्यापुढं काम होतं सारावसुलीचं, नाहीतर जन्ममृत्यूच्या नोंदीचं, नाहीतर शाळेत पोराचं नाव घालण्याचं. आपण घाईत लिहिलेल्या एका शब्दावर तीन-चार पिढ्यांनी कुणाला दाखला मिळेल आणि कुणाला नाही हे ठरणार आहे, हे त्याच्या स्वप्नातही आलं नसेल. ज्याची नोंद झाली त्याला तर कुणी विचारलंही नव्हतं.

या खेपेला नोंद सापडली की पेढे वाटले जातात. दरवेळी तसं होत नाही. 2024 मध्ये लाडकी बहीण योजना आली, महिना 1500 रुपये, आणि घरात चारचाकी नको अशी अट होती. मग पडताळणीसाठी परिवहन विभागाकडची गाड्यांची माहिती वापरली गेली. अपात्र नावं वगळली तर त्यात गैर काही नाही, असं माझं मत आहे. पण एकत्र कुटुंबात गाडी दिराच्या नावावर, चूल वेगळी आणि रेशनकार्ड जुनंच, अशा बायका केंद्रावर आल्या की त्यांना काय सांगणार? गाडी घेताना दिलेला कागद इथं येऊन अडवेल, हे कुणाच्या ध्यानीमनी असतं का?

आता संमतीचं बघा. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात लिहिलंय की संमती मोकळेपणानं, समजून-उमजून आणि ठरावीक कामापुरतीच दिलेली असावी. वाचायला छान आहे. प्रत्यक्षात 2025 च्या एप्रिलपासून शेती योजनांसाठी फार्मर आयडी सक्तीचा झाला आणि केंद्रावर रांगा लागल्या. शेतकरी मोबाईलच माझ्या हातात देतो, "तूच बघ बाबा ते ओटीपी." संमतीच्या चौकोनावर टिक करतं ते केंद्रवाल्याचं बोट. खाली काय लिहिलंय ते वाचून दाखवावं म्हटलं, तर मागचे चार जण ओरडतात की सर्व्हर चालू आहे तोवर उरका. आणि नाही म्हणायची सोय कुठंय? नाही म्हटलं तर अनुदान नाही. अनुदान, लाभ, दाखले यांच्या बाबतीत सरकारला त्याच कायद्यानं भरपूर मोकळीक दिलीय, ती वेगळीच.

खाजगी धंद्याची तऱ्हा याहून निराळी नाही. लातूरला दहावीचा निकाल लागतो न लागतो तोच पालकांचे फोन खणखणू लागतात, अमुक क्लास, तमुक हॉस्टेल. पोराचं नाव माहीत, मार्क माहीत, कधीकधी बापाचा धंदासुद्धा माहीत. नंबर कुठून मिळाला म्हणून विचारलं की फोन कट. मोठ्या कंपन्या जरा सभ्यपणे करतात एवढंच. व्हॉट्सॲपनं 2021 मध्ये नव्या अटी आणल्या, मान्य करा नाहीतर सोडा, अशा थाटात. त्यावरून स्पर्धा आयोगानं 2024 च्या नोव्हेंबरात मेटाला 213 कोटींचा दंड ठोठावला. 19 अब्ज डॉलरला व्हॉट्सॲप विकत घेणाऱ्या कंपनीला 213 कोटी म्हणजे चहापाणी.

निवडणुकीत तर विचारूच नका. मतदारयादी खुली असते, ती असायलाच हवी. पण तिला मोबाईल नंबर, जात आणि कोणत्या योजनेचा लाभ मिळाला हे जोडलं, की कार्यकर्त्याच्या मोबाईलमध्ये तुमचं अख्खं घर येऊन बसतं. मग दारात येणारा माणूस मत मागायला आलेला नसतो, उपकाराची आठवण द्यायला आलेला असतो.

याचा अर्थ सगळं झाकून ठेवावं असा घेऊ नका. सातबारा ऑनलाइन खुला झाला तेव्हा तलाठ्याची मनधरणी कमी झाली, ते चांगलंच झालं. एक रुपयात पीकविमा होता तेव्हा बीड-परभणीकडं दुसऱ्याच्या आणि सरकारी जमिनीवरसुद्धा विमा उतरवल्याची प्रकरणं निघाली. असले अर्ज उघडे पडायला नोंदी तपासता याव्याच लागतात. माझा खरा राग इथंच आहे. प्रायव्हसीच्या 2023 च्या ज्या कायद्याचा एवढा गाजावाजा झाला, त्यानंच माहिती अधिकाराच्या कलम 8 मधल्या वैयक्तिक माहितीच्या पोटकलमातून जनहिताची अट काढून टाकली. 8(2) मध्ये जनहिताचा आधार अजून आहे, पण विहिरीचं अनुदान कुणाला मिळालं म्हणून विचारलं तर "ही वैयक्तिक माहिती आहे" एवढं लिहून अर्ज परत पाठवणं बाबूला सोपं झालं. म्हणजे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 24 ऑगस्ट 2017 ला प्रायव्हसीचा जो हक्क नागरिकाचा म्हणून मान्य केला, त्याची पहिली सावली ऑफिसातल्या फायलींना.

तुमच्या हातात काय आहे, तर फार थोडं, पण आहे. आधारची झेरॉक्स देताना वरून आडवं लिहा, "फक्त अमुक कामासाठी", खाली तारीख आणि सही. चालत असेल तिथं मास्क केलेलं आधार द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. (2022 च्या मे महिन्यात आधारच्या बंगळुरू कार्यालयानं झेरॉक्स सरसकट वाटू नका असं पत्रक काढलं होतं. ओरड झाल्यावर दोन दिवसांत ते मागंही घेतलं. सल्ला मात्र बरोबर होता.) ओटीपी सांगण्याआधी मेसेज कुणाकडून आणि कशाचा आहे तेवढं वाचा, वाचता येत नसेल तर घरातल्या पोराकडून वाचून घ्या. आणि एमआधार ॲपमधून बायोमेट्रिक लॉक करा. खरेदीखतावरचा अंगठा उचलून खात्यातले पैसे काढल्याच्या घटना देशात घडल्यात. फक्त केंद्रावर येण्याआधी ते लॉक उघडून या, नाहीतर अंगठा लागत नाही म्हणून भांडण आमच्याशी होतं.