अंतर दुप्पट, मग बळ किती?

चंद्र पृथ्वीपासून दुप्पट लांब गेला तर त्याचं बळ निम्मं होतं, असं तू धरलंयस. मीही सुरुवातीला तिथेच फसलो होतो. निम्मी होते ती दिसणारी रुंदी. गुरुत्वबल चौथाई उरतं. भरती आणणारं बल तर एक अष्टमांश, कारण ते पृथ्वीच्या जवळच्या आणि लांबच्या बाजूंवरच्या ओढीतल्या फरकातून येतं.

हात लांब करून करंगळी चंद्रावर धर, अख्खा झाकला जातो. सूर्यही साधारण तेवढाच दिसतो (हे थेट बघून तपासू नकोस हं!): चंद्राच्या सुमारे ४०० पट रुंद, जवळपास तितक्याच पटीने लांब. तरी भरतीत चंद्राचा जोर दुपटीहून जास्त. आकार सारखा दिसत असला की प्रश्न फक्त घनतेचा उरतो, आणि चंद्राची घनता सूर्याच्या दुपटीहून अधिक आहे. कागदावर मांडून बघ, अंतर सूत्रातून कुठे गळतं ते.