आधी लाकूड, मग चर, शेवटी बॉयलर

आपण येत्या उन्हाळ्यात कुटुंबासह अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या एका खेड्यात राहायला जात आहात. घराभोवती स्वतःची झाडी आहे, घर सध्या प्रोपेन वायूच्या फर्नेसवर, म्हणजे हवा तापवून खोल्यांत सोडणाऱ्या यंत्रावर, तापते आणि वायूचा खर्च वाचवण्यासाठी अंगणात लाकडावर चालणारा बॉयलर बसवावा असे आपल्या मनात आहे. पहिल्याच हिवाळ्यापूर्वी तो बसवता येईल का, केवढा घ्यावा आणि बसवताना लोक कुठे चुकतात, असे तीन प्रश्न आपण विचारले आहेत. मी असाच बॉयलर बसवून त्यावर सहा हिवाळे काढले आहेत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की पहिल्या हिवाळ्यापूर्वी तो बसवता येतो, पण बसवू नये. मी बसवला होता आणि त्याचे परिणाम पुढची दोन वर्षे निस्तरत होतो.

ज्यांनी हे यंत्र पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आपला तांब्याचा बंब आठवावा: मधोमध विस्तव आणि त्याच्या भोवती पाणी. अंगणातला बॉयलर हा त्याच कल्पनेचा, लहानशा खोलीएवढा विस्तार आहे. भट्टीभोवतीच्या पोलादी कवचात काही शे लिटर पाणी असते, ते ७५ ते ८५ अंश सेल्सिअसपर्यंत तापते, आणि पंप ते जमिनीत पुरलेल्या पाइपांतून घरात नेतो. घरात फर्नेसच्या हवेच्या मार्गात बसवलेल्या जाळीतून किंवा पत्र्यांच्या हीट एक्स्चेंजरमधून ते आपली उष्णता सोडते आणि निवलेले पाणी दुसऱ्या पाइपाने परत भट्टीकडे जाते. आग, राख, धूर आणि लाकडातले किडे घराबाहेर राहतात, हा त्याचा मोठा गुण आहे. भट्टीभोवती पाणी असल्यामुळे तिच्या भिंती कधीच फार तापत नाहीत, आणि त्यामुळे लाकूड अर्धवट जळून दाट धूर होण्याची शक्यता कायम राहते, हा त्याचा मोठा दोष आहे. जुन्या पद्धतीच्या बॉयलरमध्ये पाणी पुरेसे तापले की हवेची झडप बंद होते आणि लाकूड तासन्‌तास धुमसत राहते. त्या धुरातून धुराड्यात आणि भट्टीच्या भिंतींवर क्रिओसोट नावाचा डांबरासारखा काळा, चिकट आणि पेट घेणारा थर बसतो. नव्या पद्धतीच्या, म्हणजे गॅसिफिकेशन बॉयलरमध्ये लाकडातून निघणारा वायू खालच्या वेगळ्या कप्प्यात हजार अंश सेल्सिअसच्या आसपास जाळला जातो आणि चांगले लाकूड असेल तर धुराड्यातून धूर जवळजवळ दिसत नाही.

हे "चांगले लाकूड असेल तर" हेच आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आहे. नुकत्याच तोडलेल्या झाडाच्या वजनात साधारण निम्मे पाणी असते. असे १०० किलो लाकूड आपण भट्टीत टाकले तर आपण ४५ ते ५० किलो पाणीच टाकत असतो, आणि त्याची वाफ करून ती धुराड्यातून घालवण्यात लाकडाची कमाई खर्च होते. गॅसिफिकेशन बॉयलरला ओलावा २० टक्क्यांच्या आसपास लागतो. २५ टक्क्यांच्या वर गेला की खालचा कप्पा नीट पेटत नाही आणि महागाचे नवे यंत्र जुन्या यंत्रासारखेच धुमसू लागते. लाकूड फोडून, जमिनीपासून उचलून, वरून झाकून आणि बाजूंनी वारा खेळता ठेवून रचले तर त्याला वाळायला किमान एक उन्हाळा लागतो, आणि ओकसारख्या घट्ट लाकडाला दोन किंवा तीनही लागतात. म्हणजे आपण उन्हाळ्यात घरी पोहोचून त्याच हिवाळ्यात जे लाकूड जाळणार, ते आपण आधीच्या वर्षी फोडून ठेवलेले असायला हवे होते. विक्रेते "वाळलेले" म्हणून जे लाकूड आणून टाकतात ते अनेकदा फक्त वर्षभरापूर्वी तोडलेले असते, फोडलेले मात्र गेल्या महिन्यातले असते. ओलावा मोजणारे छोटे यंत्र विकत घ्यावे आणि ओंडक्याच्या टोकावर नव्हे, तर तो आपल्यासमोर फोडून ताज्या पृष्ठभागावर मोजावे. टोक नेहमीच कोरडे असते. मी पहिल्या वर्षी टोकावर मोजून आठ कॉर्ड लाकूड घेतले, आणि जानेवारीत भट्टीच्या दारातून क्रिओसोट ठिबकू लागले तेव्हा ओंडके फोडून पाहिले. आतला ओलावा ३८ टक्के होता.

कॉर्ड हे तिथले लाकडाचे माप आहे: चार फूट रुंद, चार फूट उंच आणि आठ फूट लांब अशी रचलेली थप्पी, म्हणजे १२८ घनफूट. आपल्याला किती लागेल याचा अंदाज स्वतः बांधावा. समजा कडाक्याच्या थंडीत आपल्या घराला १२ किलोवॉट उष्णता लागते. चोवीस तासांत ती २८८ युनिट होते. वाळलेल्या लाकडाच्या एका किलोत सुमारे ४ युनिट उष्णता असते आणि चांगल्या बॉयलरमधून त्यातली ७० टक्के घरापर्यंत पोहोचली असे धरले, तर त्या एका दिवसाला सुमारे १०० किलो लाकूड लागते. संपूर्ण हंगामाची सरासरी याच्या निम्मी धरली तरी सहा महिन्यांत नऊ टन लाकूड आपल्या हातांतून जाणार आहे, आणि ते एकदा नाही, तर तोडणे, फोडणे, रचणे आणि भट्टीत घालणे असे चार वेळा जाणार आहे. आपण दोघेही नोकरी करणार असाल आणि मुले लहान असतील तर हा हिशेब घरात सर्वांसमोर मांडावा. मला हे काम मनापासून आवडते, पण माझ्या पत्नीला पहिल्या वर्षी पहाटे उणे वीस अंशांत तिच्या पाळीला भट्टी भरायला जावे लागले, आणि ते मी तिला आधी विचारायला हवे होते.

दुसरा प्रश्न आकाराचा. विक्रेता मोठा बॉयलर सुचवेल, कारण मोठ्या भट्टीत एकदा भरलेले लाकूड जास्त वेळ पुरते. हा मोह टाळावा. गरजेपेक्षा मोठा बॉयलर बहुतेक वेळ झडप बंद करून धुमसत बसतो आणि बहुतेक धूर व क्रिओसोट याच अवस्थेत तयार होतो. घराची उष्णतेची गरज खोल्यांच्या क्षेत्रफळावरून न ठरवता भिंती, छत, खिडक्या आणि हवेची गळती मोजून काढावी. आधीच्या मालकाची प्रोपेनची दोन वर्षांची बिले मिळाली तर त्यांवरूनही ती बऱ्यापैकी कळते. पोटमाळ्यावरचे इन्सुलेशन, म्हणजे उष्णता अडवणारा थर, वाढवून घेतले की पुष्कळदा एक आकार लहान बॉयलर पुरतो. त्याच कारणासाठी उन्हाळ्यात फक्त आंघोळीच्या पाण्यासाठी हा बॉयलर चालवू नये; एवढ्या थोड्या कामासाठी तो दिवसभर धुमसतो.

आता चुका. सर्वांत महागडी चूक जमिनीखाली होते आणि ती डोळ्यांना दिसत नाही. स्वस्तातला पाइप म्हणजे दोन प्लॅस्टिकच्या नळ्यांभोवती चकचकीत बुडबुड्यांचा कागद गुंडाळून त्या पन्हळी नळीत घातलेल्या असतात. त्या नळीत कुठूनही पाणी शिरले की इन्सुलेशन संपते आणि आपण जमीन तापवू लागतो. मी असाच पाइप घातला होता. पहिला हिमवर्षाव झाल्यावर अंगणात सगळीकडे पांढरे होते आणि बॉयलरपासून घरापर्यंत मात्र चराच्या रेषेत ओले गवत दिसत होते. मी पाण्याचे तापमान दोन्ही टोकांना मोजले: जाता-येता मिळून ४ अंश कमी होत होते. मिनिटाला ३० लिटर पाणी फिरत असेल तर ४ अंश म्हणजे ८ किलोवॉटहून अधिक उष्णता, म्हणजे घराला लागणाऱ्या उष्णतेच्या दोन तृतीयांश मी गांडुळांना देत होतो. वसंतात बर्फ वितळल्यावर सगळा चर पुन्हा खणून, नळ्यांभोवती बंद पेशींचा घट्ट फोम कारखान्यातच भरलेला पाइप घातला. तो पहिल्या पाइपाच्या कित्येक पट महाग होता, आणि तरीही मी आज पहिला खर्च त्याच्यावरच करीन. चर गोठणरेषेच्या, म्हणजे हिवाळ्यात जमीन जिथवर गोठते त्या खोलीच्या, खाली न्यावा, पाणी साचणारी जागा टाळावी, आणि खणण्यापूर्वी ८११ या क्रमांकावर कळवावे. जमिनीतल्या वीज, वायू व दूरध्वनीच्या वाहिन्यांच्या खुणा करून देण्याची व्यवस्था त्या क्रमांकावरून होते.

पाण्याकडे दुर्लक्ष ही दुसरी चूक आहे आणि ती बॉयलरचे आयुष्य ठरवते. अंगणातले बरेचसे बॉयलर हवेला उघडे असतात, म्हणजे त्यांच्यात दाब नसतो. त्यामुळे ते सुरक्षित असतात, पण पाण्यात सतत प्राणवायू मिसळतो आणि पोलाद आतून गंजते. भरताना गंजरोधक रसायन घालावे, दरवर्षी पाण्याचा नमुना तपासून घ्यावा. परत येणारे पाणी ६० अंशांपेक्षा थंड होऊ देऊ नये, कारण त्याखाली धुरातली वाफ आणि आम्ले भट्टीच्या भिंतीवर घाम यावा तशी जमतात. यासाठी तापमानावर उघडणारा एक व्हॉल्व्ह मिळतो, तो वगळू नये. हंगाम संपला की राख त्याच आठवड्यात खरवडून काढावी. पावसाळी हवेत दमट झालेली राख एका उन्हाळ्यात जेवढे पोलाद खाते तेवढे तीन हिवाळ्यांची आग खात नाही, असे माझे निरीक्षण आहे. काढलेली राख झाकणाच्या धातूच्या पिंपातच ठेवावी आणि ते पिंप घरापासून दूर ठेवावे, कारण राखेतले निखारे काही दिवस जिवंत राहतात.

नियमांविषयी मात्र आपण खरेदीपूर्वीच चौकशी करावी. ईपीए या संघराज्याच्या पर्यावरण संस्थेने २०१५ साली या बॉयलरांच्या धुरावर मर्यादा घातल्या आणि १५ मे २०२० पासून त्यांचा अधिक कडक टप्पा लागू झाला. त्यात न बसणारा नवा बॉयलर घरगुती वापरासाठी विकता येत नाही. याखेरीज राज्यांचे आणि गावांचे नियम वेगळे असतात. न्यूयॉर्क राज्यात घरगुती आकाराचा नवा बॉयलर शेजाऱ्याच्या हद्दीपासून किमान १०० फूट दूर असावा लागतो आणि धुराडे जमिनीपासून किमान १८ फूट उंच लागते. काही गावांनी त्यांवर पूर्ण बंदी घातली आहे. जुना बॉयलर कोणी स्वस्तात देऊ केला तर घेऊ नये. घराच्या विमा कंपनीला लेखी कळवावे, नाहीतर आग लागल्यावर दावा नाकारला जाऊ शकतो. मला इथे नियमापेक्षाही एक गोष्ट महत्त्वाची वाटते. थंड, स्तब्ध रात्री धूर वर न जाता जमिनीलगत पसरतो आणि त्यातले सूक्ष्म कण शेजारच्या घरात शिरतात. माझ्या शेजारच्या मुलाला दमा आहे. ओल्या लाकडाच्या त्या पहिल्या हिवाळ्यात त्याच्या आईने येऊन शांतपणे एवढेच विचारले की तुमचा बॉयलर रात्री बंद ठेवता येईल का. मी त्या दिवसापासून उरलेला हिवाळा प्रोपेनवर काढला. आपण परक्या देशात नवे असताना शेजारी हाच आपला पहिला आधार असतो, म्हणून वाऱ्याची दिशा वर्षभर पाहूनच बॉयलरची जागा ठरवावी. रंगवलेले किंवा रसायन दिलेले लाकूड आणि प्लॅस्टिक भट्टीत कधीही टाकू नये. जुन्या प्रक्रियायुक्त लाकडात आर्सेनिक असते.

एक प्रश्न आपण विचारला नाही, पण तो आपल्यासारख्या स्थलांतरितांनाच पडतो: डिसेंबरात महिनाभर भारतात गेल्यावर भट्टी कोण भरणार? आपली प्रोपेन फर्नेस काढून टाकू नये, हे त्याचे पहिले उत्तर. दुसरे असे की आग विझली तरी पंप चालू ठेवावा. पाणी घरातून फिरताना हीट एक्स्चेंजरमधून घराची थोडी उष्णता उलट घेऊन जाते आणि बॉयलर गोठत नाही. यात प्रोपेन खर्च होते, पण फुटलेल्या बॉयलरपेक्षा ते स्वस्त पडते. वीज गेली तर पंप थांबतो, म्हणून त्याच्यासाठी बॅटरीची सोय करावी आणि एका शेजाऱ्याकडे किल्ली द्यावी. वारंवार जाणे होणार असेल तर पाण्यात प्रॉपिलीन ग्लायकॉल हे पाणी गोठू न देणारे द्रव्य मिसळावे; मोटारीच्या रेडिएटरमधले एथिलीन ग्लायकॉल विषारी असते, ते वापरू नये.

म्हणून पहिला हिवाळा प्रोपेनवर काढावा, त्या काळात घराची गळती बुजवावी, वाऱ्याची नोंद ठेवावी आणि पुढच्या वर्षासाठीचे लाकूड फोडून रचावे. आपल्या झाडीत मेलेली अ‍ॅश झाडे असतील तर ती आधी घ्यावीत. २००२ साली मिशिगनमध्ये आढळलेल्या एका हिरव्या भुंग्याने ती सर्वत्र मारली आहेत आणि त्यांचे लाकूड इतरांपेक्षा लवकर वाळते. मात्र मेलेले अ‍ॅश अचानक मोडते, त्यामुळे मोठी झाडे अनुभवी माणसाकडूनच पाडून घ्यावीत, आणि ते लाकूड दूरच्या गावी नेऊ नये, कारण भुंगा त्याच्याबरोबर प्रवास करतो.